ओट्याचं सावलीचं टोक

आधी पाण्याचा आवाज आला, मग काहीच आला नाही. मी वळून पाहिलं तेव्हा रिबी खड्ड्यात उभी होती, गुडघ्याच्या वरपर्यंत पिवळ्या पाण्यात. तोंड उघडं होतं, पण त्यातून आवाज निघत नव्हता. तीन वर्षांची होती. हळद शिजली की काहिलीतलं उकळतं पाणी आम्ही बाजूच्या खड्ड्यात सोडत असू. त्यावर पाला आणि फेस तरंगला की ते पाणी वाटतच नाही, जमीन वाटते. लेकराला जमीन वाटली. मी तिला काखेत धरून उपसलं आणि मग तिचा आवाज निघाला... माझेही हात कोपरापर्यंत सोलले होते, ते मला दुसऱ्या दिवशी कळलं. माणसं धावत आली. माझ्या नवऱ्यानं विचारलं, "पोरीपाशी कोण व्हतं?" मी म्हणाले, "मार्था व्हती."

मार्था म्हणजे माझी धाकटी जाऊ. एकोणीस वर्षांची, लग्नाला वर्षही झालं नव्हतं. ती विहिरीकडून काहिलीवर झाकायचं ओलं पोतं घेऊन पळत येत होती. ती जवळ पोचली आणि माझ्या दिरानं, म्हणजे तिच्याच नवऱ्यानं, सगळ्यांदेखत तिच्या थोबाडीत मारली. तिनं हातातलं पोतं खाली ठेवलं नाही. तशीच उभी राहिली, पोत्याचं पाणी तिच्या पायांवर गळत होतं.

ती मार्था सात आठवड्यांपूर्वी गेली. बासष्ट वर्षांची होती. मला निरोप यायचा प्रश्न नव्हता, कारण आमच्या दोन घरांमध्ये फक्त अंगण आहे, दहा पावलांचं. सकाळी चहा घेऊन गेले तर डोळे उघडे होते आणि ती नव्हती. चहा मी परत आणला आणि ओतून दिला. मग तिच्या मुलांना उठवलं.

दफनाला माणसं खूप आली. आमचे पाळकसाहेब तरुण आहेत, दोन वर्षांपूर्वी इकडं आले. पेटीपाशी उभं राहून ते चांगलं बोलले. शेवटी माझ्याकडं हात करून म्हणाले, क्षमा म्हणजे काय ते या थोरल्या जाऊबाईंकडं पाहून शिका, जिच्यामुळं लेकीचा पाय भाजला तिला यांनी पोटाशी धरलं. लोकांनी माना हलवल्या. एक-दोन बायकांनी डोळे पुसले. मी खाली मातीकडं पाहत राहिले. पाळकसाहेबांची चूक नाही, त्यांना गावानं जे सांगितलं ते त्यांनी सांगितलं. पण ते खरं नाही. मी मार्थाला क्षमा केली नाही, मार्थानं मला केली. आणि हे मला आणि तिला सोडून कोणालाही माहीत नव्हतं. ती गेल्यावर ते माझ्या एकटीपाशी उरलं, म्हणून लिहायला बसले. माझं शिक्षण चौथीपर्यंत झालं. जे झालं ते सरळ लिहिते.

मार्था साखऱ्याकडची. आमच्या घरात आली त्या दिवसापासून तिचं एकच होतं, "साखऱ्याला असं न्हाई." साखऱ्याचं पाणी गोड, साखऱ्याची ज्वारी पांढरी, साखऱ्याच्या म्हशी समजदार. मी एकदा साखऱ्याला जाऊन आले आहे. आमच्या गावासारखंच गाव आहे, माळरान थोडं जास्त आहे. पण हे तिला सांगून उपयोग नव्हता. आवाज मोठा, हसणं त्याहून मोठं. चर्चमध्ये गाणं म्हणायची तेव्हा सूर कुठं आणि ती कुठं. तरी सगळ्यांत जोरात तिचंच. पालीला घाबरायची, सापाला नाही. शिळी भाकर, तिखट आणि तेल एवढं मिळालं की तिला सणाचं काही लागत नसे. सासूबाईंना ती पहिल्या दिवसापासून आवडली होती. मला आवडली नव्हती, कारण सासूबाईंना ती आवडली होती. हेही खरं आहे, म्हणून लिहिते.

रिबी भाजल्यावर सासूबाईंचं आवडणं एका दिवसात संपलं. अपशकुनी म्हणाल्या, पांढऱ्या पायाची म्हणाल्या. आमच्या धर्मात असलं काही मानत नाहीत, पण तोंडात जे बसलं होतं तेच बाहेर आलं. मार्थानं एकदाही उलट उत्तर दिलं नाही. लोकांना वाटलं, चूक तिची आहे म्हणून गप्प आहे. मी तिच्याशी बोलणं बंद केलं. ठरवून नाही. पहिले अडीच महिने दवाखान्यातच गेले, मग घरी आलो तेव्हा बोलायला काही सुचलं नाही आणि मग ते तसंच राहिलं.

मिशनच्या दवाखान्यात आम्ही अडीच महिने होतो. एक पाय बरा भरून आला. दुसऱ्याच्या गुडघ्यामागची कातडी आक्रसायला लागली. पाय मुडपून बसला. गावातल्या बायका म्हणत, हळदीचं पाणी होतं म्हणून वाचली, हळद औषधी. मला त्यांना त्याच पाण्यात बसवावंसं वाटे. दवाखान्यातल्या सिस्टरनं निघताना मला समोर बसवून सांगितलं, "हा पाय रोज सकाळ-संध्याकाळ तेल लावून सरळ ओढायचा. शंभर आकडे मोजेपर्यंत ओढून धरायचा. पोरगी रडेल, ओरडेल. ऐकायचं नाही. ऐकलं तर ती आयुष्यभर लंगडत चालेल, मोठी झाली की गुडघा उघडणारच नाही." मी मान हलवली.

घरी आल्यावर पहिल्या दिवशी मी वीसपर्यंत मोजलं. रिबीनं असा आकांत केला की माझे हात आपोआप सुटले. दुसऱ्या दिवशी दहापर्यंत. तिसऱ्या दिवशी मी फक्त तेल लावलं आणि ओढलंच नाही. माझा नवरा तर तिचा आवाज ऐकला की शेताकडं निघून जाई. चौथ्या दिवशी सकाळी मार्था अंगण ओलांडून आली. हातात पाट आणि खोबऱ्याच्या तेलाची बाटली. मला काही विचारलं नाही. पाटावर बसली, रिबीला समोर घेतलं, तिचा पाय आपल्या मांडीवर ठेवला आणि ओढला. "एक... दोन... तीन..." मी उठून हापशाकडं गेले. हापशापर्यंत आवाज येत होता. पाणी भरायचं नव्हतं, तरी हापसत राहिले. परत आले तेव्हा मार्था मनगटाला फडकं गुंडाळत होती. रिबी तिला चावली होती. रक्त आलं होतं.

असं पाच वर्षं चाललं. रोज दोन वेळा. तिचे स्वतःचे दोन मुलगे त्या काळात झाले, तेव्हाचे काही दिवस सोडले तर एकही खाडा नाही. रिबी तिचा तिरस्कार करायची. अंगणात मार्था दिसली की घरात पळायची, पळता यायला लागल्यावर. तिच्या चपला नाल्यात टाकायची. एकदा तिच्या पाटाला शेण फासून ठेवलं. मार्थानं पाट धुतला आणि म्हणाली, "साखऱ्याच्या पोरी याच्याहून चांगलं शेण फासतात." मग पाय मांडीवर घेतला आणि एकपासून सुरू केलं. शंभरपर्यंतचे आकडे रिबी शाळेत नाही शिकली, तिथं शिकली.

आणि मी? मी दार उघडं ठेवायचे, तेल संपत आलं की बाटली भरून ठेवायचे आणि बोलायचे नाही. काही सांगायचंच झालं तर रिबीला सांगायचे, "रिबे, तुझ्या काकूला सांग, वाळवण काढून घे, आभाळ आलंय." काकू तीन हातांवर उभी असायची. ती म्हणायची, "रिबे, तुझ्या आईला सांग, काढून राहिले." आमच्या शेजारी पारूबाई राहायची, बौद्ध वाड्यातली, माझी शाळेपासूनची मैत्रीण. ती कुंपणावरून ओरडायची, "अगं, एकाच अंगणात राहता अन् टपाल कशाला धाडता? पोस्टमनला तरी भाकर घाला, पोरगी वाळून चालली!" एकदा हसणं थांबवून म्हणाली, "तुमच्या येशूनं सांगितलं ते आमच्याच्यानं व्हत न्हाई, म्हणून आमी त्याच्या वाटंला गेलो न्हाई. तुमच्याच्यानं बी व्हऊन न्हाई राहिलं. मंग तुमी दर रविवारी जाता कशाला?" मी तिच्याशी आठवडाभर अबोला धरला. म्हणजे तेव्हा माझे दोन अबोले चालू होते.

आमच्या गावच्या चर्चची एक रीत आहे. बारा घरं, पत्र्याचं लहान चर्च, पुढं लांब ओटा, ओट्यापाशी लिंब. महिन्याच्या पहिल्या रविवारी पाळकसाहेब येतात आणि प्रभुभोजन होतं, म्हणजे येशूच्या आठवणीत सगळे एका भाकरीचा तुकडा खातात. ज्याचं कोणाशी वाकडं असेल, बोलणं बंद असेल, त्यानं ती भाकर घ्यायची नाही. आधी मिटवायचं, मग घ्यायची. तोवर प्रभुभोजनाच्या आधी उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसायचं. कोणी हाकलत नाही, आपलं आपण उठायचं. बहुतेक लोक एक-दोन महिने बसतात. बांधावरून भांडलेले दोन भाऊ असतात, नवरा-बायको असतात. ओट्यावर बसलं की येणारे-जाणारे पाहतात, लाज वाटते, मग कोणीतरी कोणाला पाणी देतो आणि मिटतं. मी अकरा वर्षं बसले.

पहिल्या महिन्यात मी उठून बाहेर आले, तर माझ्या मागून मार्थाही आली. तिला उठायचं कारण नव्हतं. तिच्या मनात माझ्याविषयी वाकडं असेल तर तिनं ते दाखवलं नव्हतं. त्या वेळचे पाळकसाहेब म्हातारे होते. ते स्वतः दारापर्यंत आले आणि म्हणाले, "मार्था, तू आत ये. तुला घेता येते." ती म्हणाली, "अक्का भाहेर बसल्यात. मी आत कशी खाऊ?" पाळकसाहेब आत गेले. ती ओट्याच्या दुसऱ्या टोकाला बसली. लिंबाची सावली त्या वेळेला ओट्याच्या एकाच टोकावर येते. ते टोक तिनं मला सोडलं. अकरा वर्षं दर महिन्याला मी सावलीत बसले आणि ती उन्हात बसली. मी कधी म्हटलं नाही की इकडं सरक. मला वाटायचं, बसू दे, तिला बसायलाच पाहिजे.

आत प्रार्थना चालायची ती बाहेर ऐकू येई. आम्हीही ओठ हलवायचो. 'जशी आम्ही दुसऱ्यांना क्षमा करतो तशी आम्हाला कर' ही ओळ आली की मी तोंड मिटायचे. पुढची ओळ आली की पुन्हा सुरू करायचे. मार्था ती ओळ मोठ्यानं म्हणायची. तिचं सगळंच मोठ्यानं असायचं, त्यामुळं मी तिकडं लक्ष दिलं नाही.

सासूबाई वारल्या त्याच्या पुढच्या वर्षाची गोष्ट. प्रभुभोजनाची भाकर म्हणजे गव्हाची जाड पोळी, बिनमिठाची. ती दर महिन्याला एका घरानं करायची, पाळीपाळीनं. आमचं अंगण एक म्हणून आमची पाळी एकच. आजवर सासूबाई करत होत्या. आता कोणी करायची? मी रिबीला सांगितलं, "काकूला विचार, भाकर तू करतीस का मी करू." रिबी तेव्हा चौदा वर्षांची होती, पाय सरळ झाला होता, जीभही सरळ झाली होती. ती गेली, आली, म्हणाली, "काकू करते म्हणली." बरं म्हटलं.

रविवारी भक्ती सुरू झाली. भाकर आधीच ताटलीत ठेवून वर पांढरं कापड झाकलेलं असतं, ते उघडून कोणी पाहत नाही. वेळ झाली तशा आम्ही दोघी उठून ओट्यावर आलो, आपापल्या टोकाला बसलो. थोड्या वेळानं आत गाणं सुरू झालं. ते संपलं, तेच पुन्हा सुरू झालं. मग माझा नवरा बाहेर आला. चेहरा उतरलेला. "भाकर कुठंय? कापड काढलं तर ताटली रिकामी!" मी म्हणाले, "हिनं केली ना." मार्था उभीच राहिली. "मी? रिबी म्हणली आई करणार हाय." मी दारातून आत पाहिलं. रिबी बायकांच्या रांगेत पहिली बसली होती आणि मान वळवून आमच्याकडंच पाहत होती. तिनं दोघींनाही हेच सांगितलं होतं. नंतर मी तिला बडवलं, तर म्हणाली, "मी दमले निरोप देऊन देऊन."

आम्ही दोघी घराकडं धावलो. चूल माझी पेटलेली होती, गव्हाचं पीठ मार्थाकडं होतं. ती परात घेऊन माझ्या घरात आली आणि बसून मळायला लागली. मी तवा ठेवला. चर्चमधलं गाणं ऐकू येत होतं, तिसऱ्यांदा. अकरा वर्षांनी मी तिच्याशी पहिल्यांदा सरळ बोलले ते हे की, "कणीक सैल झाली."

"साखऱ्याला सैलच करतात," ती म्हणाली.

मला हसू आलं. मी तव्याकडं पाहत म्हणाले, "त्या दिशी पोतं आण म्हणून म्याच हाक मारली व्हती."

"व्हय."

"तू म्हणलीस, अक्का, लेकरू हाय. म्या म्हणलं, लेकराला काय व्हतंय, पळ लवकर, हळद वाफंवर हाय."

"मला म्हाईत हाय, अक्का. मी तितंच व्हते."

हे तिनं असं सांगितलं, जसं कोणी सांगतं की काल बाजार होता. अकरा वर्षं मी हे पोटात दाबून ठेवलं होतं. नवऱ्यानं विचारलं तेव्हा 'मार्था व्हती' म्हणाले, ते खोटं नव्हतं. पोर तिच्याकडं दिली होती. पण तिला तिथून उठवलं मी. तिनं सांगूनही उठवलं. तिला थोबाडीत बसली तेव्हा मी दोन पावलांवर उभी होते, मला वाचा होती. मी बोलले नाही. मग रोज ती पोरीचा पाय ओढताना दिसायची आणि तिचा चेहरा पाहिला की मला माझंच दिसायचं. म्हणून मी तिच्याकडं पाहत नव्हते. लोक म्हणत, आईचं काळीज आहे, राग कसा जाईल. राग तिच्यावर नव्हताच. ती डोळ्यांसमोर आहे याचा होता.

मी विचारलं, "मंग बोलली काहून न्हाईस? अकरा वर्सं?"

ती पोळी लाटत राहिली. "तुमी तवा कशा दिसून राहिल्या व्हत्या ते तुमाला म्हाईत न्हाई. हात सोललेले, डोळे फिरलेले. ते बी तुमच्यावर टाकलं असतं तर तुमी विहीर गाठली असती. मला काय, एक थोबाडीत पडली."

"अन् नंतर?"

"नंतर राग यायचा. लई यायचा. पोरीचा पाय ओढताना तुमचं नाव घेऊन ओढायची मनात. रोज तुमच्यासाठी देवाकडं मागायची, म्हातारे पाळकसाहेब म्हणले मागत जा म्हणून. दात खाऊन मागायची. मंग एक दिशी मागितलं अन् राग आला न्हाई. म्या वाट पाह्यली थोडी. आला न्हाई." तिनं पोळी तव्यावर टाकली. "तुमी तकलीफ घेऊन बसल्या व्हत्या, माझी तर कवाच गेली."

मी म्हणाले, "मला माफ कर."

"ते कवाच केलं म्हणून राहिले ना. तुमी भाहेर बसला म्हणून मी बसले. उन्हात बसून बसून काळी झाले. उलटा ती, जळून राहिली."

पोळी एका बाजूनं जळलीच. मी म्हणाले, आता जाऊन सगळ्यांसमोर सांगते. ती म्हणाली, "आज न्हाई. आज भाकर न्या, लोकं उपाशी गाऊन राहिलेत." आम्ही गेलो. गाणं पाचव्यांदा चालू होतं. त्या दिवशी आम्ही दोघी आत बसलो आणि ती करपलेली भाकर खाल्ली. पाळकसाहेबांनी दोघींच्या हातावर सारखाच तुकडा ठेवला. पारूबाई घरी जाताना भेटली. आम्हाला बोलत येताना पाहून म्हणाली, "पोस्ट हापीस बंद झालं म्हणायचं!"

ती 'आज नाही' म्हणाली होती. 'कधीच नाही' असं म्हणाली नव्हती. पण मी तिच्या 'आज नाही'ची सोय करून घेतली. बत्तीस वर्षं. गाव म्हणत राहिलं, मार्थाच्या हातून पोरगी भाजली पण थोरलीनं मन मोठं केलं. मार्थासमोर म्हणत. ती माझ्याकडं पाहायची आणि डोळा मारायची. खरंच मारायची, चर्चमध्येसुद्धा.

त्या बत्तीस वर्षांत मला सख्ख्या बहिणीपेक्षा ती जवळची झाली. शिरड शहापूरच्या बाजाराला आम्ही बरोबर जायचो. ती भाव करायची, मी पिशवी धरायचे. माझा नवरा गेला तेव्हा ती महिनाभर माझ्या खोलीत झोपली. आणि घोरली. तिचा नवरा गेला तेव्हा मी गेले. थोबाडीत मारल्याचं तिनं त्याला कधी काढून दाखवलं नाही. फक्त एकदा म्हणाली, "त्यानं माफी मागितली न्हाई. तरी म्या दिली. ठेवून काय करू?" मला हे पटलं नाही, आम्ही त्यावर भांडलो. मी म्हणायचे, मागितल्याशिवाय द्यायची नाही. ती म्हणायची, "तुमी तरी कुठं मागितली व्हती लवकर?" मग मी विषय बदलायचे.

यंदा न्हाणीत पडली, मांडीचं हाड मोडलं. हिंगोलीला नेऊन ऑपरेशन केलं, पण उठली नाही. पाच महिने खाटेवर. रिबी आता सेहेचाळीस वर्षांची आहे, अंगणवाडी चालवते, रोज चालत जाते-येते. ती शाळा सुटली की काकूकडं यायची, तिच्या पायांना तेल लावायची. पाट तोच. मार्था कण्हायची तर रिबी म्हणायची, "ऐकायचं नसतं. मोज." मार्था म्हणायची, "साखऱ्याला म्हाताऱ्यांना असं छळत न्हाई." आदल्या दिवशी मी चहा दिला तर एक घोट घेऊन म्हणाली, "अक्का, साखर घातली का नुसती दाखवली?" तिचं माझ्याशी शेवटचं बोलणं हेच. त्यापेक्षा मोठं काही ती बोलली असती तर मला विश्वास बसला नसता.

दफनानंतर पाळकसाहेबांना मी घरी बोलावून सांगितलं. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. म्हणाले, "आता सांगून काय होणार, बाई?" मी म्हणाले, "काही व्हनार न्हाई. पण तिच्या नावावर माझं काम चढवून ठेवलं व्हतं, ते उतरवायचं हाय." मग रिबीला सांगितलं. तिला आजवर माहीत नव्हतं. ती भांडी घासत होती. घासायचं थांबवलं नाही. सगळं ऐकून झाल्यावर म्हणाली, "तू मला सांगितलं असतंस तर मी तिला चावले नसते." एवढंच. हात धुतले आणि गेली.

दोन रविवार ती आली नाही. पहिल्या रविवारी प्रभुभोजन होतं. मी आपली आपण उठले आणि ओट्यावर जाऊन बसले. सावलीच्या टोकाला नाही, दुसऱ्या. खूप ऊन लागतं तिथं. अकरा वर्षं तिनं ते कसं काढलं हे बसल्याशिवाय कळत नाही.

तिसऱ्या रविवारी दुपारी रिबी आली. माझ्या उजव्या गुडघ्याला आता बाक आलाय, सरळ होत नाही. मी कोणाला सांगितलं नव्हतं, तिनं चालताना पाहिलं असेल. सरळ मार्थाच्या घरात गेली, पाट आणि तेलाची बाटली घेऊन आली. पाटाला मध्यभागी तेलाचा काळा डाग आहे, कितीही घासा, जात नाही. बसली. माझा पाय उचलून मांडीवर ठेवला. माझ्याकडं पाहिलं नाही. ओढला... हळू नाही ओढला. मी ओरडले. "एक," ती म्हणाली. शंभरपर्यंत मोजलं, एकही आकडा सोडला नाही. मग पाट आपल्या घरी नेला नाही, माझ्या दारामागं ठेवला. म्हणाली, "उद्या सकाळी येते."

येते रोज. त्या दिवशी काहिलीपाशी आम्ही तिघी होतो. मार्था गेली. रिबी आहे. मी आहे.